उद्धवरावांचा डावा हात

कुठल्याही घरात पहिल्यांदा गेले की मी आधी दारातल्या चपला बघते. पाहुण्यांच्या चपलांचा ढीग असला की पेशंटला विश्रांती मिळालेली नाही, हे बीपी घ्यायच्या आधीच कळतं. मग पाणी मागायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात डोकावते. ओट्यावर पापडाचा डबा उघडा दिसला, की "मीठ अगदी बंद केलंय हं सिस्टर" या वाक्यावर किती विश्वास ठेवायचा ते ठरतं. केराची टोपली, गोळ्यांच्या डब्यावरची धूळ, उशी कुठल्या बाजूला चेपलीय, सगळं बघून घेते. रिपोर्टची फाइल सगळ्यात शेवटी. फाइलमध्ये पेशंट दवाखान्यात कसा होता ते असतं. घरात तो कसा आहे, ते घरालाच विचारावं लागतं.

मी मिनल, होमकेअर नर्स. राहायला कासारवाडीत, आणि माझी घरं निगडीपासून सांगवीपर्यंत. हॉस्पिटलच्या सिस्टरने हाक मारली की डॉक्टर येतो. मला तो फोनवर मिळतो, तोही त्याची ओपीडी आटोपल्यावर. तोवर जे कळायचं ते माझं मलाच कळून घ्यावं लागतं, म्हणून मी कुणालाही विचारते. आमच्याच भागातल्या सोपानरावांची साखर औषध घेऊनही उतरेना, तेव्हा मी त्यांच्या बिल्डिंगखालच्या चहावाल्याला गाठलं. तो म्हणाला, "अण्णा ना? सकाळी एक क्रीमरोल, संध्याकाळी एक क्रीमरोल." सोपानराव बरेच दिवस माझ्याशी तोंड फुगवून होते, पण साखर उतरली. मला माझ्या कामाचा गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

आम्हाला कामं देणाऱ्या ब्युरोतल्या नर्सेसचा फोनवर एक ग्रुप आहे. त्यात आम्ही लिहीत बसत नाही, बोलून टाकतो. कुणाच्या कातडीला कुठली पट्टी सोसत नाही, कुठल्या आजी गोळी गालात धरून ठेवतात आणि आपण वळलो की थुंकतात, सगळं तिथे असतं. माझी मैत्रीण पूनम त्यात सगळ्यात बोलकी. एखादं घर एकीकडून दुसरीकडे गेलं की जुनी नर्स नवीला सगळं बारकाईने सांगते. त्याला आम्ही हँडओव्हर म्हणतो. अर्धवट हँडओव्हर देऊन निघून जाणाऱ्या नर्सला आमच्यात मान नाही.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढचं ऐकून कुणी मला भोळी समजू नये.

उद्धवरावांचं घर निगडी प्राधिकरणात. भोसरीच्या एका कंपनीत ते मेंटेनन्स फिटर होते आणि छोटासा बंगला त्यांनी ओव्हरटाइमच्या जोरावर बांधलेला. पक्षाघाताने त्यांचं उजवं अंग गेलं, वाचा गेली. नाकातून नळी, त्यातूनच जेवण. डावा हात हलायचा, पण तो कशासाठी हलतो हे कुणाला कळत नव्हतं. दिवसभर सांभाळायला जयमालामावशी असायच्या. बायको आधीच गेलेली. एकुलती एक मुलगी निशिगंधा हिंजवडीला आयटीत नोकरीला होती.

पहिल्याच दिवशी तिने मला फाटकापाशी थांबवलं.

"मिनलताई, डॉक्टर म्हणतात त्यांना समज उरलेली नाही. मी रोज कामावरून आले की त्यांच्याजवळ बसून बोलते. ते माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. मला एवढंच कळायला हवंय, बाबा मला ओळखतात का? ओळखत नसतील तर तसं सांगा. पण खरं सांगा."

"शोधून सांगते," मी म्हटलं. "आधी ते कसे होते ते सांग."

तिचा चेहरा उजळला. "कंपनीत प्रेस मशीन बंद पडलं की बाबांना घरून बोलावणं यायचं. ते मशीनला आधी बोटांची मागची बाजू लावायचे, मग तळवा. करंट असेल, भाजत असेल तर हात आपोआप मागे येतो म्हणून. आणि मग सांगायचे, हे बेअरिंग जाणार. आणि ते जायचंच! इंजिनियर लोक पैज लावून थकले." सांगताना तिने स्वतःची बोटं फाटकाला तशीच लावून दाखवली.

सुरुवातीला विशेष काही घडलं नाही. एकदा बंगल्याची पाण्याची मोटार चालू झाली आणि उद्धवकाकांचा डावा अंगठा चादरीवर आपटायला लागला. मोटार थांबली, अंगठा थांबला. त्याच आठवड्यात मोटार जळाली.

"साहेबांना आधीच कळलं बघा," जयमालामावशी म्हणाल्या.

"फिटरचा कान आहे, मावशी. झटक्याने हात जातो, कान नाही जात," मी म्हटलं. मला आनंदच झाला होता. समज आहे याचा पहिला पुरावा हातात आला होता.

मग एका सकाळी मी त्यांची नाडी बघत होते. लकव्याच्या हातावर बीपी घेत नाहीत, त्यामुळे मी नेहमी त्यांच्या डाव्या बाजूलाच बसायची. नाडी मोजून हात खाली ठेवला, तर तो परत वर आला. माझ्या मनगटाला बोटांची मागची बाजू लागली. मग तळवा. कोरडा, जड आणि खोलीतल्या फरशीइतका थंड.

"काय काका, माझी नाडी कशी आहे?" मी गमतीने विचारलं.

तळवा उचलला गेला आणि त्यांच्या स्वतःच्या ओटीपोटावर जाऊन थांबला. बोटांनी तिथे हलकेच दाबलं. मला वाटलं, लघवीची नळी अडकली. लघवीची पिशवी बघितली, पोट चाचपलं. सगळं जिथल्या तिथे.

दुपारी सोपानरावांकडे गेले तर ते पलंगाच्या काठावर घामाघूम होऊन बसलेले. सकाळपासून लघवी झाली नव्हती आणि पोट टम्म फुगलं होतं. "बाईमाणसाला काय सांगायचं, लाज वाटली बघा," ते कण्हत म्हणाले. डॉक्टरांना फोन लावला, नळी घातली, माणूस मोकळा झाला. घरी येताना मला सकाळचा तळवा आठवला. वय झालेला माणूस, असा त्रास होतोच, असं म्हणून मी तो विचार बाजूला सारला.

काही दिवसांनी तळवा डाव्या मांडीवर गेला. पुन्हा तसंच, आधी माझं मनगट, मग त्यांची मांडी, मग बोटांचा दाब. त्या दिवशी मी गेले त्या प्रत्येक घरात पाय बघितले. लोक चक्रावले. सांगवीच्या इंदुताईंचे खुब्याच्या ऑपरेशनचे टाके तेवढे बघायचे होते. गाऊन वर घ्यायला त्या तयार होईनात. "अगं, पाय बरा आहे माझा, उगाच काय?" डावी मांडी उजवीपेक्षा जाड होती आणि हाताला गरम लागत होती. मी डॉक्टरांची ओपीडी आटोपायची वाट बघितली नाही. अँब्युलन्स मागवली.

रक्ताची गुठळी निघाली. आज आणल्या म्हणून वाचल्या, असं हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला सांगितलं. ग्रुपवर माझं कौतुक झालं. पूनमने खास फोन केला.

"टाके बघायला गेलीस आणि मांडी कशी काय बघितलीस गं?"

"बघितली," मी म्हटलं.

मी विचार करून वागणारी बाई आहे. मी स्वतःला समजावलं, की माझ्या हातांना पेशंटचा वास राहत असेल, आपल्याला न कळणारा. मशीनचा दोष हाताने ओळखणाऱ्या माणसाला तोही कळत असेल. हे मला बरं वाटलं. मग एका सकाळी तळवा डाव्या डोळ्यावर गेला. त्या दिवशीची माझी सगळी घरं फिरून झाली, कुणाच्या डोळ्याला काही नव्हतं. दुपारी ब्युरोचा फोन आला. थेरगावला एक नवीन घर, एक आजोबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन, जाऊन ड्रॉप्स कसे घालायचे ते घरच्यांना शिकवून ये. पट्टी काढली तर डावा डोळा लालबुंद आणि कडेला पू.

आजोबांना वेळेवर दवाखान्यात पोहोचवलं. परत येताना गाडी पुलाखाली लावून मी बराच वेळ नुसती उभी राहिले. सकाळी मला त्या आजोबांचं नावही माहीत नव्हतं. त्यांना मी शिवले नव्हते. माझ्या हाताला त्यांचा वास कुठून येणार?

वरून कंटेनर जात होते आणि पूल हादरत होता. उभ्या उभ्याच मी ठरवून टाकलं. डॉक्टरांना विचारते, शेजाऱ्यांना विचारते, चहावाल्यालाही विचारते. त्यात हे एक. कुठून कळतं ते मला ठाऊक नव्हतं, पण कळलेलं तपासून घेणं मला येतं. काकांचा हात जागा सांगायचा, माणूस सांगायचा नाही. माणूस मी शोधायचे. आम्ही दोघं मिळून एक चांगली नर्स झालो होतो, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी गाडीवरसुद्धा ताठ बसायची.

निशिगंधाच्या प्रश्नाचं उत्तर मात्र राहिलं होतं. थेरगावच्या परक्या माणसाचा डोळा यांना कळतो आणि पोटची मुलगी कळत नाही? मला ते पटेना. तिला हाताबद्दल सांगावं, असं अनेकदा ओठांवर आलं. पण तिने विचारलं होतं ते वेगळं होतं. तिला तिचे बाबा हवे होते.

उत्तर शेवटी घरानेच दिलं. एकदा जयमालामावशी खिडकीच्या बाजूने चहा घेऊन आल्या. कप खणखणला, मावशी बोलल्या, काकांची नजर हलली नाही. मावशी पलंगाला वळसा घालून माझ्या बाजूला आल्या मात्र, काकांचे डोळे लगेच त्यांच्याकडे वळले. मी पेनचं लाल टोपण घेतलं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर डावीकडून उजवीकडे नेलं. नजर टोपणाबरोबर नाकापर्यंत आली. तिथे टोपण हरवलं. पुन्हा नेलं, पुन्हा तिथेच हरवलं.

मी खोलीभर नजर फिरवली. खिडकीजवळ, त्यांच्या उजव्या हाताला, एक वेताची खुर्ची होती. बसून बसून तिच्या उशीला खळगा पडला होता.

"मावशी, निशिगंधा रोज कुठे बसते?"

"तिथंच की. वारं येतं ना."

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "अशा झटक्यात कधी कधी अर्धी नजर जाते," ते म्हणाले. "उजवीकडचं त्यांच्यासाठी नाहीच. छान पकडलंत, सिस्टर." आयुष्यात मला बरीच शाबासकी मिळाली आहे, पण ही मी अजून जपून ठेवली आहे.

रविवारी सकाळी निशिगंधा घरी होती. मी वेताची खुर्ची उचलली आणि डाव्या बाजूला आणून ठेवली.

"इथे बस. आणि घाई करू नकोस."

ती बसली. "बाबा," तिने हाक मारली.

काकांची मान हळूहळू वळली. डोळे तिच्या चेहऱ्यावर आले आणि तिथेच राहिले. मग त्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

निशिगंधा खुर्ची सरकवून पुढे वाकली. तिने हात पुढे केला. काकांनी तिच्या मनगटाला बोटांची मागची बाजू लावली. मग तळवा.

मला तो हात तिथेच थांबवावासा वाटला. का, ते तेव्हा नीट कळलं नव्हतं.

तळवा उचलला गेला. मी त्यांच्या पोटाकडे, छातीकडे, कपाळाकडे बघत होते. हात त्यांच्याकडे गेलाच नाही. तो तिच्याकडे गेला.

तिच्या गळ्यात बारीक सोन्याची चेन होती. बोटांच्या मागच्या बाजूने काकांनी ती चेन अलगद बाजूला सारली.

"ताई, चेन ओळखली!" निशिगंधा हसत होती, रडत होती. "मी दहावी झाले तेव्हा बाबांनीच केली होती. ओळखलं मला त्यांनी!"

"ओळखलं," मी म्हटलं. ते खरंच होतं.

पण बोटं चेनवर नव्हती. ती चेनच्या जराशी वर, गळ्याच्या उजव्या बाजूला होती आणि एकाच जागी दाबत होती.

मी तिला पोटभर रडू दिलं. मग चेन सरळ करायच्या निमित्ताने माझी बोटं त्याच जागी ठेवली. "थुंकी गिळ बघू." तिने गिळली. माझ्या बोटांखाली तुरीच्या दाण्याएवढं काहीतरी वर सरकलं आणि खाली आलं.

बाकीचं सगळं रीतसर झालं. मीच तिला घेऊन गेले. गाठ चांगली नव्हती, पण लहान होती, बाहेर कुठे गेली नव्हती. ऑपरेशन झालं. इतकी बारीक गाठ सापडली कशी, असं सर्जननी विचारलं, तेव्हा निशिगंधाने माझ्याकडे बोट दाखवलं. "यांना हाताने कळतं." मी रिपोर्टची फाइल गोळा केली.

गळ्याला पट्टी बांधलेली निशिगंधा रोज डाव्या बाजूच्या खुर्चीत बसायला लागली. ऑफिसच्या गमती, शेजारच्या भानगडी, सगळं काकांना सांगायची. ते ऐकायचे. कधी कधी त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलायचा. "हसले," ती मला फोन करून सांगायची. त्या घरात पुन्हा बापलेक राहत होते आणि ते मी मिळवून दिलं होतं, असं मी आजही कुणालाही छाती पुढे करून सांगेन.

हिवाळ्यात काकांच्या छातीत कफ भरला. हॉस्पिटल नको, असं निशिगंधाने डॉक्टरांशी बोलून ठरवलं होतं. शेवटच्या सकाळी मी नाडी बघितली. लागत होती, नव्हती. हात खाली ठेवला तर तो वर आला. आधी बोटांची मागची बाजू, मग तळवा. मी वाट बघत राहिले.

हात माझ्या मनगटावरून निघाला. छातीच्या वर, हवेतच थांबला. थरथरला. त्याला पुढे जायचं होतं, ते दिसत होतं. मग तो चादरीवर पडला आणि पुन्हा उठला नाही.

दुपारी काका गेले. निशिगंधा त्यांच्या डाव्या बाजूलाच होती.

तो अर्धा राहिलेला इशारा मला स्वस्थ बसू देईना. माझ्या एकूण एक पेशंटला मी डोक्यापासून तळपायापर्यंत तपासलं. सोपानराव वैतागले. "सिस्टर, मी काय विकायला काढलेली गाडी आहे का?" कुणालाच काही निघालं नाही. कोणत्या जागेबद्दल होतं, कोणाबद्दल होतं, काही कळायला मार्ग नव्हता. आमच्या भाषेत सांगायचं तर हँडओव्हर अर्धवट राहिला होता. काकांसारख्या माणसाकडून.

पुढे पूनम बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि तिचं चाकणचं घर माझ्याकडे आलं. तिने फोनवर सगळं सांगितलं. भिमाबाई, वय झालेल्या, कधीपासून अंथरुणात, बोलणं नाही, हालचाल नाही, पाठीला जखम. "सोपं घर आहे गं. सून फार चांगली आहे."

कंपन्यांच्या भिंती संपल्या की आत गावाकडे वळायचं. पत्र्याच्या शेडशेजारी जुनं घर. दारात चपलांचे दोनच जोड, अंगण झाडलेलं, स्वयंपाकघरात पेजेचा वास. घर स्वच्छ होतं आणि काही लपवत नव्हतं. मला बरं वाटलं.

"भिमाबाई कधी कंपनीत वगैरे कामाला होत्या का?" मी सुनेला सहज विचारलं. मला सवय आहे.

"न्हाई वो. सारा जलम शेतात. कंपनीचं गेटबी बघितलं न्हाई त्यांनी."

मी डाव्या बाजूला बसले आणि नाडी बघितली. ठीक होती. हात खाली ठेवला.

हात वर आला.

"आत्याबाई!" सून दारातच थबकली. "ह्यो हात तर कवाच हलत न्हाई!"

माझ्या मनगटाला बोटांची मागची बाजू लागली. मग तळवा. कोरडा, जड, थंड.

भिमाबाईंचे डोळे मिटलेलेच होते. हात माझ्या मनगटावरून निघाला, छातीच्या वर आला आणि हवेतच थांबला. तिथेच, जिथे काकांचा हात थांबला होता. थरथरला.

आणि पुढे गेला.

तो त्यांच्या गळ्याशी पोहोचला. गळ्यात काही नव्हतं, काळा दोरासुद्धा नाही. तरी बोटांच्या मागच्या बाजूने त्यांनी काहीतरी बारीकसं अलगद बाजूला सारलं. मग बोटं जराशी वर गेली आणि एका जागी दाबून राहिली. या वेळी डाव्या बाजूला.

"काय झालं वो, सिस्टर?" सून विचारत होती.

मी फोन काढला. निशिगंधाने लगेच उचलला. मागे तिच्या ऑफिसातला गलका होता आणि ती कशावर तरी हसत होती.

"निशिगंधा," मी म्हटलं, "आज लवकर निघ. मी येतेय तुला न्यायला."

भिमाबाईंचा हात गळ्यावरून खाली आला, चादरीवर नीट सरळ झाला आणि काम संपल्यासारखा पडून राहिला.